अवसादन टाकीचे कार्यतत्त्व आणि मुंबई उपनगरातील गाळाचा प्रश्न

सारांश

पाणीपुरवठा आणि मलजलशुद्धीकरण या दोन्ही व्यवस्थांमध्ये अवसादन, म्हणजे पाण्यातील निलंबित कण स्थिर करून खाली बसविणे, ही मूलभूत प्रक्रिया आहे. तिला यंत्रसामग्री तुलनेने कमी लागते; मात्र संथ प्रवाह आणि विस्तृत क्षेत्रफळ या तिच्या दोन अपरिहार्य गरजा आहेत. प्रस्तुत लेखात कण खाली बसण्याचे भौतिक नियम, टाकीच्या रचनेमागील तत्त्व, पिण्याच्या पाण्यातील व सांडपाण्यातील अवसादनाचा फरक आणि साचलेल्या गाळाची व्यवस्था यांचे विवेचन विलेपार्ले व मुंबई उपनगर परिसराच्या संदर्भात केले आहे. गाळ कोठेतरी बसणारच असतो. तो आपण ठरविलेल्या ठिकाणी बसावा यासाठी केलेली योजना म्हणजे अवसादन टाकी होय, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

बीजशब्द : अवसादन, निलंबित कण, पृष्ठभार, ऊर्णन, मलजल, गाळ

१. प्रस्तावना

मुंबई महानगरास सात जलाशयांतून पाणी मिळते. त्यांपैकी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे जलाशय शहराच्या हद्दीत आहेत. तानसा, मोडकसागर, ऊर्ध्व वैतरणा, भातसा आणि २०१४ मध्ये पूर्ण झालेला मध्य वैतरणा हे ठाणे, पालघर व नाशिक जिल्ह्यांत आहेत. वैतरणा व तानसा येथील पाणी प्रामुख्याने भांडुप संकुलात आणि भातसाचे पाणी पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. भांडुप संकुलातील जुन्या केंद्राची क्षमता प्रतिदिन १,९१० दशलक्ष लिटर, तर नंतर उभारलेल्या केंद्राची ९०० दशलक्ष लिटर आहे. १९५० साली बृहन्मुंबईत समाविष्ट झालेले विलेपार्ले याच व्यवस्थेवर अवलंबून असून अंधेरीच्या वेरावली टेकडीवरील जलाशयांमार्फत तेथे पाणी पोहोचते.

नळातून येणारे पाणी स्वच्छ असावे ही अपेक्षा प्रत्येकाची असते. परंतु त्यातून काढलेली माती कोठे गेली, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वापरलेले पाणी मोरीतून वाहून गेल्यावर त्यातील घन पदार्थांचे काय होते, याविषयीही सर्वसाधारण अनास्थाच आढळते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधू लागल्यास अवसादन टाकीपाशी यावे लागते. हा विषय स्थापत्य अभियांत्रिकीचा असला तरी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र व नागरी प्रशासन या सर्व विषयांच्या अध्यापकांना तो जवळचा वाटावा असा आहे.

२. निवळणे : परंपरा आणि संज्ञा

पाणी ‘निवळणे’ हे क्रियापद मराठीत फार जुन्या अनुभवातून आले आहे. गढूळ पाणी भांड्यात रात्रभर न हलविता ठेवणे, सकाळी वरचे पाणी अलगद ओतून घेणे, त्यात तुरटी फिरविणे किंवा निवळीची बी उगाळून घालणे हे उपाय महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात सर्वपरिचित होते. संस्कृतात ‘कतक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या बीचा पाणी स्वच्छ करण्यासाठी होणारा उपयोग सुश्रुतसंहितेतही नमूद आहे.

या घरगुती कृतीत आधुनिक शुद्धीकरण केंद्रातील तीन पायऱ्या दिसतात. तुरटी किंवा निवळी घालणे म्हणजे कणांना एकत्र येण्यास प्रवृत्त करणे. हलकेच ढवळणे म्हणजे त्यांचे पुंजके तयार होऊ देणे. आणि भांडे स्थिर ठेवणे म्हणजे अवसादन. भांडे आणि टाकी यांत एक मोठा फरक मात्र आहे. भांड्यातील पाणी थांबलेले असते, तर टाकीतील पाणी अखंड वाहत असते. वाहत्या पाण्यात भांड्यातील स्थिरता कशी निर्माण करावयाची, हा अवसादन टाकीच्या रचनेतील मूळ प्रश्न आहे.

३. कण किती वेगाने बसतो?

पाण्यापेक्षा जड असलेला कण गुरुत्वाकर्षणामुळे खाली जाऊ लागतो आणि पाणी त्याला विरोध करते. हे दोन परिणाम समतोल झाले की कण एका स्थिर वेगाने खाली जातो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी १८५१ मध्ये लहान गोल कणांसाठी या वेगाचा नियम मांडला. त्यानुसार हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाशी आणि कण व पाणी यांच्या घनतेतील फरकाशी सम प्रमाणात, तर पाण्याच्या श्यानतेशी व्यस्त प्रमाणात असतो.

‘व्यासाचा वर्ग’ या शब्दांत सारी अडचण सामावलेली आहे. २० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात वाळूच्या घनतेचा ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण सेकंदाला सुमारे ९ मिलिमीटर खाली जातो. म्हणजे १ मीटर खोली तो दोन मिनिटांच्या आत पार करतो. व्यास दहापट कमी, म्हणजे ०.०१ मिलिमीटर झाला की वेग शंभरपट घटतो आणि तेवढ्याच खोलीसाठी तीन तास लागतात. व्यास आणखी दहापट कमी झाल्यास हा कालावधी सुमारे तेरा दिवसांचा होतो. चिकणमातीचे अनेक कण याहूनही सूक्ष्म असतात. पावसाळ्यात नदीचे पाणी तांबूस दिसते ते प्रामुख्याने अशाच कणांमुळे, आणि केवळ वाट पाहून ते बसविणे व्यवहारात शक्य नसते.

तापमानाचा परिणामही येथे लक्षात घ्यावा लागतो. पाणी उष्ण झाले की त्याची श्यानता कमी होते. ३० अंश तापमानाच्या पाण्यात तोच कण २० अंशांच्या तुलनेत सुमारे सव्वापट वेगाने बसतो. थंड प्रदेशांच्या तुलनेत कोकणपट्टीस मिळणारा हा नैसर्गिक लाभ आहे.

४. खोली नव्हे, क्षेत्रफळ

टाकी जितकी खोल तितका अधिक गाळ बसेल, असा सर्वसाधारण समज असतो. अमेरिकन अभियंता ॲलन हेझन यांनी १९०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवसादनावरील निबंधात याहून वेगळे तत्त्व मांडले. स्वतंत्रपणे बसणाऱ्या कणांच्या बाबतीत टाकीची कार्यक्षमता खोलीवर अवलंबून नसून पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते, असे त्यांनी दाखवून दिले.

हे तत्त्व एका उदाहरणाने स्पष्ट होईल. ४० मीटर लांब, १० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल अशा आयताकृती टाकीतून दररोज १२ दशलक्ष लिटर, म्हणजे १२,००० घनमीटर पाणी जाते असे मानू. टाकीचे क्षेत्रफळ ४०० चौरस मीटर आहे. दैनंदिन प्रवाहास क्षेत्रफळाने भागल्यास ३० हा आकडा मिळतो. म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर दररोज ३० घनमीटर पाण्याचा भार येतो. यास ‘पृष्ठभार’ असे म्हणता येईल. याचे एकक वस्तुतः वेगाचेच असून तो वेग सेकंदाला सुमारे ०.३५ मिलिमीटर भरतो. याहून अधिक वेगाने बसणारा प्रत्येक कण टाकीच्या दुसऱ्या टोकास पोहोचण्यापूर्वी तळाशी गेलेला असतो. याच्या निम्म्या वेगाने बसणाऱ्या कणांपैकी साधारण निम्मेच टाकीत राहतात.

आता खोली ३ मीटरऐवजी ६ मीटर केली तर काय होईल? पाणी टाकीत थांबण्याचा काळ दुप्पट, म्हणजे २.४ तासांऐवजी ४.८ तास होईल. परंतु कणाला पार करावयाचे अंतरही दुप्पट होईल. दोन्ही बाजूंची वाढ परस्परांस रद्द करते आणि निष्पत्ती तीच राहते. क्षेत्रफळ दुप्पट केल्यास मात्र पृष्ठभार निम्मा होतो आणि अधिक सूक्ष्म कणही बसू लागतात.

या नियमास मर्यादा आहेत. खाली जाताना एकमेकांना चिकटून मोठे होणाऱ्या पुंजक्यांना अधिक खोलीचा लाभ मिळतो. शिवाय तळाशी गाळ साठण्यास आणि प्रवाहाने तो पुन्हा ढवळला जाऊ नये यासाठीही पुरेशी खोली ठेवावी लागते. तथापि, टाकीला प्रथम जमीन लागते हा मूळ निष्कर्ष कायम राहतो. सर्वसाधारण संकल्पनमानाप्रमाणे ३० घनमीटर पृष्ठभार धरल्यास प्रतिदिन १,९१० दशलक्ष लिटर पाण्यासाठी केवळ पाण्याच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ सुमारे ६.४ हेक्टर होते. हे गणित केवळ तत्त्व समजण्यासाठी असून प्रत्यक्ष केंद्रातील रचना वेगळी असू शकते. तरीही जागेला सोन्याचा भाव असलेल्या महानगरात या आकड्याचा अर्थ सहज ध्यानात यावा.

५. टाकीची अंतर्गत रचना

टाकी आयताकृती असो वा वर्तुळाकार, कार्याच्या दृष्टीने तिचे चार विभाग पडतात. प्रवेशविभागात येणाऱ्या प्रवाहाचा जोर मोडून पाणी संपूर्ण रुंदीवर सारखे पसरविले जाते; त्यासाठी छिद्रांच्या भिंती किंवा अडथळे बसवितात. अवसादनविभागात पाणी अतिशय संथ गतीने पुढे सरकते. वरील उदाहरणातील टाकीत ही गती सेकंदाला ५ मिलिमीटरहूनही कमी आहे. निर्गमविभागात निवळलेले पाणी इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या खाचा असलेल्या पन्हळीवरून पातळ थराने बाहेर पडते. तळाशी गाळविभाग असून संथपणे फिरणाऱ्या खरवडपट्ट्या तेथील गाळ खड्ड्याकडे लोटतात.

व्यवहारात टाकी अपयशी ठरते ती बहुधा प्रवाहाच्या विषमतेमुळे. निर्गमपन्हळ एका बाजूस काही मिलिमीटर जरी खचली तरी त्या बाजूने अधिक पाणी वाहते. कधी गढूळ, जड पाणी तळालगत सरकत थेट दुसऱ्या टोकास पोहोचते. अशा वेळी कागदावर अडीच तास थांबणारे पाणी प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ आधी बाहेर पडते आणि टाकीचा बराच भाग निरुपयोगी राहतो.

६. पिण्याच्या पाण्यातील अवसादन

धरणाचा जलाशय हीच एक प्रचंड अवसादन टाकी असते. जड वाळू व माती तेथेच बसते. म्हणूनच हिवाळ्यात व उन्हाळ्यात शुद्धीकरण केंद्राकडे येणारे पाणी तुलनेने स्वच्छ असते. पावसाळ्याच्या आरंभी डोंगरउतारावरील माती वाहून येऊ लागली की गढूळता झपाट्याने वाढते, आणि उरलेले कण अत्यंत सूक्ष्म असल्याने साधे अवसादन पुरेसे ठरत नाही.

अशा कणांवर सामान्यतः ऋण विद्युत्भार असतो. समान भारामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि पाण्यात तरंगत राहतात. तुरटी किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड मिसळल्यास हा विद्युत्भार उदासीन होतो. औषध प्रथम जोराने ढवळून काही सेकंदांत सर्वत्र मिसळावे लागते. त्यानंतर वीस ते तीस मिनिटे अतिशय हळू ढवळल्यास कापसाच्या पिंजलेल्या बोंडासारखे पुंजके तयार होतात. या दुसऱ्या क्रियेस ऊर्णन म्हणतात. सूक्ष्म कण मोठ्या पुंजक्यांचे घटक झाले की तीन तासांचे काम काही मिनिटांवर येते.

अवसादनानंतर पाणी वाळूच्या गाळण्यांतून जाते आणि शेवटी क्लोरीनने निर्जंतुक केले जाते. भारतीय मानक १०५०० (२०१२) नुसार पिण्याच्या पाण्याची स्वीकार्य गढूळता १ एनटीयू असून पर्यायी स्रोत नसल्यास कमाल ५ एनटीयू चालू शकते. ही पातळी गाठण्याचे श्रेय वाळूच्या गाळणीस दिले जाते. परंतु अवसादन नीट झाले नाही तर गाळण्या लवकर तुंबतात, त्या वारंवार धुवाव्या लागतात आणि निर्जंतुकीकरणातही अडथळा येतो, कारण मातीच्या कणांआड दडलेल्या जंतूंपर्यंत क्लोरीन पुरेसे पोहोचत नाही. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने अवसादनाचे महत्त्व येथे आहे.

७. सांडपाण्यातील अवसादन

सांडपाण्याच्या प्रवासात वेग टप्प्याटप्प्याने कमी केला जातो. मलवाहिनीत घन पदार्थ बसू नयेत म्हणून सेकंदाला किमान ०.६ मीटर वेग राखावा लागतो. शुद्धीकरण केंद्रात प्रथम जाळ्यांवर चिंध्या, प्लॅस्टिक इत्यादी वस्तू अडविल्या जातात. त्यानंतरच्या वाळूकक्षात वेग सुमारे ०.३ मीटर किंवा त्याहून कमी करतात. तेथे वाळू बसते, पण हलके सेंद्रिय पदार्थ पुढे जातात. प्राथमिक अवसादन टाकीत वेग सेकंदाला काही मिलिमीटर इतकाच उरतो आणि सेंद्रिय घन पदार्थही बसू लागतात. या टाकीत निलंबित पदार्थांपैकी साधारण ५० ते ६५ टक्के, तर जैवरासायनिक प्राणवायूच्या मागणीपैकी २५ ते ४० टक्के भाग कमी होतो. पृष्ठभागावर जमणारे तेल व फेस वेगळ्या पट्टीने काढून टाकला जातो.

विरघळलेले सेंद्रिय पदार्थ मात्र अवसादनाने निघत नाहीत. ते जीवाणूंकडून खाववून घ्यावे लागतात. १९१४ मध्ये मँचेस्टर येथे आर्डर्न व लॉकेट यांनी मांडलेल्या सक्रिय गाळ पद्धतीत सांडपाण्यात हवा सोडून जीवाणूंचे पुंजके वाढवितात आणि नंतर ते दुय्यम अवसादन टाकीत बसवितात. बसलेल्या गाळापैकी काही भाग पुन्हा हवेच्या टाकीत पाठवितात, कारण तेथील काम करणारे जीवाणू त्यातच असतात. दुय्यम टाकीतील कण इतके दाट असतात की ते सुटे बसत नाहीत. सगळा थर एकत्र खाली सरकतो. तंतुमय जीवाणूंची वाढ झाल्यास हा थर फुगतो, बसेनासा होतो आणि पाण्याबरोबर बाहेर जाऊ लागतो. म्हणजे जैविक प्रक्रिया उत्तम झाली तरी अखेरच्या टाकीत गाळ बसला नाही, तर सारे श्रम वाया जातात.

जुन्या वस्त्यांतील सेप्टिक टाकी हेही अवसादन टाकीचेच लहान रूप आहे. घन पदार्थ तळाशी बसून कुजतात आणि वरचे पाणी पुढे जाते. ती ठरावीक काळाने उपसली नाही तर गाळासाठीची जागा भरते आणि मैला थेट बाहेर वाहू लागतो.

८. मुंबई उपनगरांचा अनुभव

मुंबईची मलनिःसारण व्यवस्था कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप अशा सात क्षेत्रांत विभागलेली आहे. विश्व बँकेच्या साहाय्याने १९९० च्या दशकात सुरू झालेल्या प्रकल्पात वरळी व वांद्रे येथे जाळ्या व वाळूकक्ष यांपुरती प्राथमिक प्रक्रिया करून मलजल अनुक्रमे सुमारे ३.४ व ३.७ किलोमीटर लांबीच्या बोगद्यांतून समुद्रात सोडण्याची योजना झाली. वर्सोवा, घाटकोपर व भांडुप येथे खाडीकाठच्या विस्तीर्ण जागेवर वायुमिश्रित तलाव बांधण्यात आले. एके ठिकाणी अवसादनाचे काम समुद्राच्या विस्तारावर सोपविले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी मोठ्या तलावांवर. दोन्ही निर्णयांमागे जागेचे गणित होते.

विसर्जनाचे निकष कडक होत गेल्यावर हे गणित बदलले. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेने आणि राष्ट्रीय हरित लवादाच्या २०१९ च्या आदेशाने अधिक शुद्धीकरण आवश्यक ठरविले. त्यानंतर वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर व भांडुप येथील, एकूण प्रतिदिन २,४६४ दशलक्ष लिटर क्षमतेच्या सात नव्या केंद्रांची पायाभरणी जानेवारी २०२३ मध्ये झाली. एवढ्या प्रवाहासाठी ४० घनमीटर पृष्ठभाराने प्राथमिक टाक्या आणि २५ घनमीटर पृष्ठभाराने दुय्यम टाक्या बांधावयाच्या ठरविल्यास निव्वळ पृष्ठक्षेत्र अनुक्रमे सुमारे ६.२ व ९.९ हेक्टर लागेल.

जागेची ही अडचण कमी करण्याचे तीन मार्ग आहेत. पहिला, टाकीत साधारण ६० अंशांच्या कोनात तिरप्या पट्ट्या किंवा नळ्या बसविणे. प्रत्येक पट्टी एका उथळ टाकीचे काम करते आणि गाळ उतारावरून आपोआप घसरतो. हेझन यांच्या तत्त्वाचाच हा उपयोग होय. दुसरा, एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे व पाणी स्थिर ठेवणे. येथे जागेऐवजी वेळेची विभागणी होते. तिसरा, दुय्यम अवसादनाऐवजी सूक्ष्म छिद्रांच्या पटलातून पाणी गाळणे. यात जागा वाचते, परंतु वीज व देखभाल यांचा खर्च वाढतो. गुरुत्वाकर्षण विनामूल्य असते, पण त्याला जागा लागते. जागा नाकारली की तिची किंमत विजेच्या रूपाने मोजावी लागते.

९. नको तेथे होणारे अवसादन

विलेपार्ले–जुहू परिसरातून वाहणारा इर्ला नाला हा या विषयाचा सर्वांत जवळचा पाठ आहे. भरतीच्या वेळी नाल्यातील पाणी समुद्रात जाऊ शकत नाही; वेग मंदावतो आणि वाहून आलेली माती, बांधकामाचा राडारोडा व मैला तेथेच बसतो. म्हणजेच भरतीच्या त्या तासांत नाला स्वतःच अवसादन टाकी होतो; मात्र या टाकीस खरवडपट्टी नसते, गाळासाठी राखीव खोली नसते आणि बसलेला प्रत्येक थर पावसाच्या पाण्याची वाट अडवितो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि नाल्यांच्या वहनक्षमतेचे महत्त्व साऱ्या शहराच्या लक्षात आले. इर्ला येथे पुढे पर्जन्यजल उदंचन केंद्र उभारण्यात आले. भरतीतही पाणी बाहेर टाकण्यासाठी त्याचा उपयोग होतो. तथापि, नाल्यातील गाळ दरवर्षी पावसाळ्यापूर्वी उपसावा लागतो. शुद्धीकरण केंद्रात न बसविलेला गाळ अखेर येथे बसतो आणि तेथून काढणे अधिक कष्टाचे असते.

१०. गाळाची व्यवस्था

अवसादनाने पदार्थ नष्ट होत नाही. तो फक्त एका जागी येतो. प्रतिदिन १,९१० दशलक्ष लिटर पाण्यातून लिटरमागे १०० मिलिग्रॅम माती निघते असे धरल्यास तिचे कोरडे वजन दिवसाला १९१ टन होते. २,४६४ दशलक्ष लिटर सांडपाण्यात लिटरमागे २०० मिलिग्रॅम निलंबित पदार्थ आणि त्यांपैकी ६० टक्के बसतात असे मानल्यास सुमारे २९६ टन कोरडा गाळ निघेल. प्रत्यक्षात तो ओला असतो. त्यात ४ टक्के घन पदार्थ धरल्यास वजन दिवसाला सुमारे ७,४०० टन होते. म्हणूनच गाळ दाट करणे, कुजविणे आणि त्यातील पाणी काढणे यांवर केंद्राच्या खर्चाचा मोठा भाग होतो.

गाळाची उपयुक्तता मुंबईस नवी नाही. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्यापासून निर्माण झालेल्या ज्वलनशील वायूचा उपयोग करण्यात आला होता आणि जैववायूच्या इतिहासात या प्रयोगाचा उल्लेख केला जातो. सेंद्रिय गाळापासून वायू आणि खत मिळू शकते. मात्र त्यात जड धातू व रोगजंतू किती आहेत हे तपासूनच त्याचा शेतीसाठी वापर करणे इष्ट ठरते.

११. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) कणाचा बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गावर अवलंबून असल्याने सूक्ष्म कणांसाठी ऊर्णन अपरिहार्य आहे.

२) टाकीची क्षमता प्रामुख्याने क्षेत्रफळावर ठरते, त्यामुळे महानगरात जलशुद्धीकरणाचा प्रश्न हा भूमिनियोजनाचाही प्रश्न आहे. विकास आराखड्यात शुद्धीकरण केंद्रांसाठी जागा राखणे हा त्या शुद्धीकरणाचाच पहिला टप्पा मानावा लागेल.

३) साचलेला गाळ वेळेवर न काढल्यास उत्तम रचनेची टाकीही निष्फळ होते, म्हणून कोणत्याही केंद्राचे मूल्यमापन करताना बाहेर पडणाऱ्या पाण्याबरोबरच गाळाचा हिशेबही तपासला पाहिजे.

४) अवसादन टाळता येत नाही. टाकीत जागा न मिळालेला गाळ मलवाहिनीत, नाल्यात किंवा खाडीत बसतो, आणि तेव्हा त्याची किंमत तुंबलेल्या पाण्याच्या रूपाने नागरिकांना द्यावी लागते.

महाविद्यालयीन पातळीवर या विषयाचे अध्यापन फारशा खर्चाविना करता येते. एक लिटरचे काचेचे मोजपात्र, पावसाळ्यातील गढूळ पाणी, थोडी तुरटी आणि घड्याळ एवढे साहित्य पुरेसे आहे. दर पाच मिनिटांनी गाळाची पातळी नोंदवून काढलेला आलेख विज्ञानाच्या विद्यार्थ्यास स्टोक्स यांचा नियम समजावून देईल, आणि भूगोल किंवा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापुढे मोजपात्राच्या तळाशी राहिलेल्या थराचे पुढे काय करावयाचे हा प्रश्न ठेवील.